ओलं फडकं

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी
चिठ्ठीच्या पाठीमागं लिहून दिलं:
कापसाच्या गाद्या नकोत. उशा नकोत.
कोरडा झाडू नको, ओलं फडकं.
मग चष्म्यावरनं बघत विचारलं,
"आणि तुम्ही काय करता?"

मी म्हणालो, "गाद्या."

अर्ध्या शनिवार पेठेची झोप माझ्या हातची.
रुखवतातल्या, बाळंतिणींच्या,
तालमीतल्या पोरांच्या (त्या सहा महिन्यांत चेपतात),
सगळ्या मीच भरल्या, मीच टाके घातले.
आणि माझी तहसीन, नऊ वर्षांची,
रात्री दोनला उठून बसते.
छातीत बारीक शिट्टी वाजते तिच्या,
लांबनं कुणी ओळखीच्याला हाक घालावी तशी.

पहिल्यांदा पिंजायचं मशीन गेलं.
पुढच्या खोलीतनं उचलून टेंपोत घातलं,
मार्केट यार्डाच्या मागं पत्र्याचं शेड घेतलं भाड्यानं.
मग रेहाना स्टुलावर चढली.
कपाटावर, पंख्याच्या पात्यांवर, घड्याळाच्या मागं,
मक्केच्या तसबिरीच्या चौकटीवर
बोटबोट कापूस.
"मी संसार केला, का गिरणीत ऱ्हायले?" म्हणाली,
आणि पुसत गेली.
बादलीतलं पाणी सात वेळा बदललं,
सातव्यांदाही ते राखाडीच होतं.

पडदे उतरले. सतरंजी शेजारच्या सुतारांकडं गेली.
न्हाणीलगतच्या भिंतीची ओल खरवडून चुना मारला.
चादरी दर रविवारी बंबातल्या कढत पाण्यात.
गुरुवारचा ऊद बंद केला,
त्यावरनं थोरला भाऊ महिनाभर धड बोलला नाही.
तहसीनचा कापडी हत्ती
पिशवीत बांधून एक रात्र फ्रीजरमध्ये,
मटणाच्या डब्याशेजारी.
"त्याला थंडी वाजंल की."
"किड्यास्नी वाजंल गं, त्याला न्हाई."
तरी तिनं त्याच्या पिशवीवर हातरुमाल पांघरला.

सगळं आमच्यानं होत नाही.
दिवाळीच्या आगंमागं कारखाना पेटला की
दोरीवरच्या धुण्यावर काळी राख उतरते,
ती कुठल्या फडक्यानं पुसायची?
एप्रिलात गल्लीच्या टोकाला चटणीचं कांडप सुरू होतं,
आख्खी गल्ली खोकते, खोकताखोकता हसते.
तेवढे पंधरा दिवस
पोरगी कागलला, आत्याकडं.

माझा बापही खोकायचा.
भिंतीला टेकून, पिंजणाची कमान मांडीवर आडवी.
"धंद्याचा खोकला," आम्ही म्हणायचो,
आणि हातावर गुळाचा खडा ठेवायचो.
गेला तेव्हा बावन्नचा होता.
त्याला कुणी नळीत फुंकायला लावलं नाही.
तहसीन रोज सकाळी फुंकते,
लाल काटा वर सरकतो.
एकशे साठ. एकशे ऐंशी. मधी एकदा परत दीडशे.
परवा दोनशे दहा.
रेहाना कॅलेंडरवर लिहून ठेवते,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

गादीवाल्याचं घर, आणि आम्ही चटईवर.
मेहुणा पोट धरून हसला.
हसू दे.

संध्याकाळी शेडातल्या नळावर मी अंघोळ करतो,
कामाचा शर्ट तिथंच खुंटीला, दुसरा घालून निघतो.
तरी काल तिनं उंबऱ्यातच अडवलं.
"अब्बा, हलू नका. भुवईत हाय."
जवळ आली. श्वास धरला.
फुंकर घातली नाही तिनं,
बोट जिभेला लावून ओलं केलं
आणि तो एवढासा कापूस
अलगद टिपून घेतला.

मग हात धुवायला गेली.