नव्वद सेकंद

डिस्कचा आवाज पहिल्यांदा ऐकला बिलालनं.
समोरच्या चष्म्याच्या दुकानातून झेरॉक्सला आला, म्हणाला,
"ताई, तुमचं मशीन झोपेत दात खातंय."
पंखा असेल, म्हटलं मी.
पंखा बंद केला.
दात चालूच.

अकरा वर्षं त्या तबकडीवर
उदगीर तालुक्यातली लग्नं फिरत होती.
मराठी, उर्दू, मधूनच एखादं कानडी.
"आमच्या येथे श्रीकृपेकरून" मी एकदाच टाइप केलं,
पुढं नुसती माणसं बदलत गेले.
शिवाय बोअरवेलच्या जाहिराती,
आणि एक हरवलेली म्हैस,
जी तिसऱ्या दिवशी सापडली,
पण पोस्टरात अजून हरवलेलीच आहे.

लातूरहून नवी आली.
काडीपेटीपेक्षा जराशी मोठी,
आत फिरायला काही नाही, कुरकुरायला काही नाही.
हिच्यात एवढे वऱ्हाडी मावायचे कसे?

रात्री शटर अर्धं ओढून बसले.
पेनड्राइव्हवरून मशीन जागं केलं,
म्हणजे माझ्याच दुकानात मी पाहुणी.
आदेश लिहिला. शेवटी तिरकी रेघ
द्यायची का नाही द्यायची?
एवढ्याशा रेघेवर ठरतं,
घरातलं सामान जाणार,
का अख्खं घरच उचलून
नव्या घराच्या आत जाऊन बसणार.
दिली. तीनदा वाचलं.
एंटर.

ओळी पळू लागल्या.
मधे सहज प्रॉकच्या फोल्डरात डोकावले.
दिवसा तिथं हजार फायली दिसतात,
कोण काय करतंय, कुणी किती मेमरी खाल्ली.
आता बघते तर स्वच्छ मोकळं.
ते सामान डिस्कवर कधी नव्हतंच.
ते जागेपण होतं.
बांधून न्यायला काही नाही त्यात.

सव्वाअकराला लाइट गेली.
इन्व्हर्टर टुक करून उभा राहिला.
आईचा फोन:
"काय करूलालीस गं अजून?"
"घर हलवूलालेय."
"कुणाचं?"
सांगता येईना. लग्नांचं, म्हटलं.
"जेवून घे," म्हणाली.

दोनच फायली आल्या नाहीत.
एक, माणिक डोईजडचा पासपोर्ट फोटो.
तो तसाही दरवर्षी येतो,
दरवर्षी मागच्यापेक्षा तरुण पाहिजे म्हणतो.
दुसरी "फायनल-नवीन-३".
कुणाची होती, आठवेना.
जेवढं आठवेना तेवढी तीच खुपत राहिली.

जुनी काढून पेपरवर ठेवली. अजून कोमट होती.
नवी लावली. बटन दाबलं.

पडद्यावर तांबडे ठिपके
डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.
मशीन वाट पाहतंय, एक मिनिट तीस सेकंद,
एका डिस्कची, तिच्या नंबरानिशी.
ती इथं हातभर अंतरावर
पेपरातल्या तुरीच्या भावावर आडवी.
तिच्यातलं अक्षर न् अक्षर याच्या पोटात आलेलं,
तरी हे तिलाच हाक मारतंय.
मी नव्वदपर्यंत मोजत बसले.
मधे काही करता येत नाही.

मग कळलं. रूटची ओळ मी बदलली होती,
होमची विसरले.

हाताशी कागद नव्हता.
नमुन्याच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड ओढलं,
पाठीवर उतरवला नवा नंबर,
बत्तीस खुणा, चार आडव्या रेघा.
एकेक करून फायलीत भरला.
आठाचा बी झाला होता, तो सुधारला.

अकरा सेकंदांत उठलं.
इतकं गप्प, की मेलं वाटलं.

सकाळी बिलालनं कान लावला.
"चालू आहे?"
मी म्हैस उघडून दाखवली.

दुपारी गठ्ठा शोधला तर नव्हता.
पार्टी घेऊन गेली होती, निडेबनकडची.
आता तिकडं कुणाच्या तरी घरी
शुभविवाहाच्या पाठीवर
माझ्या अक्षरात ते बत्तीस.
विचारलंच कुणी तर काय सांगू?
नवा पत्ता आहे म्हणू,
का आहेर?