पिवळा दगड

सराँच्या चढावर लाँबेरचं दुकान होतं.
दोन खुर्च्या, एक आरसा, आणि खिडकीतून
थेट मूझ नदीपर्यंत धुराडी.
शनिवारी खाणीतली माणसं यायची,
अंग घासून, शर्ट बदलून,
तरी कोळसा दाढीच्या मुळाशी राहायचाच.
"केस नाही धार खात," लाँबेर म्हणायचा,
"ती काळी धूळ खाते."

तिसऱ्या दाढीनंतर तो वस्तरा बाजूला ठेवी
आणि मेणकापडातून दगड काढी:
वर पिवळा, शिळ्या लोण्यासारखा,
खाली निळी पाटी चिकटवलेली.
आर्देनच्या डोंगरातला. तोही खाणीतलाच.
एका खाणीनं बोथट केलेलं
दुसरीनं लावून द्यायचं,
हे तेव्हा सुचलं नव्हतं.
मी चौदा वर्षांचा. मला सुटीची घाई.

त्यानं शिकवलं मोडक्या इटालियनमध्ये,
कारण माझं फ्रेंच त्याहून मोडकं:
दगडावर छोटा दगड घास, दूध निघेल.
त्या दुधात वस्तरा आडवा टेकव,
पाठ आणि धार, दोन्ही.
धार पुढे. जणू दगडाची साय काढतोयस.
मग बोटानं एक थेंब पाणी.
पुन्हा फिरव. पुन्हा एक थेंब.
दुधाचं ताक होईल,
ताकाची निवळ,
मग नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात
पातं दगडाला चिकटून चिकटून सरकेल.
दाबू नकोस.
वस्तऱ्याला त्याचं वजन आहे, तेवढं पुरे.

मी दाबायचो.
मनगटावरचे केस उभ्या उभ्या उडाले
तेव्हा वाटलं, जमलं.
त्याच शनिवारी खुर्चीत माझा बाप बसला,
नाझारेनो, अब्रुझ्झोतून आलेला.
त्याच्या हनुवटीवर निळी रेघ होती:
छत कोसळलं तेव्हा जखमेत कोळसा राहिला
आणि कातडी वरून मिटली.
त्या रेघेवरून मी वस्तरा ओढला.
आरसा छातीपर्यंतच दाखवायचा,
म्हणून त्याचे बूट ताठ झालेले
मला दिसले नाहीत.
"मस्त," तो म्हणाला. वर पैसेही दिले.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर
लाँबेरनं त्याची मान पाहिली,
कॉलरच्या वर लालभडक.
सोमवारी काही बोलला नाही.
माझा वस्तरा उघडला
आणि बिअरच्या बाटलीच्या गळ्यावरून
एकदाच, हलकेच, ओढला.
धार मेली. लोण्यातही शिरली नसती.
"आता कर," म्हणाला.

असं नऊ वेळा मारलं त्यानं तिला.
बाटली तीच, खिडकीत ठेवलेली.
दहाव्या वेळी बाहेर बर्फ पडत होता,
मला कुणाच्या तरी बहिणीची आठवण येत होती,
आणि जोर लावायचं राहूनच गेलं.
मग चामड्याच्या पट्ट्यावर साठ फेऱ्या.
आवाज वेगळा आला,
शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजावं तसा.
लाँबेरनं पेपरातून मान वर केली,
परत खाली घातली.
बाटली त्या दिवशी जागची हलली नाही.

शनिवारी बाप बसला, जरा सावरून.
निळी रेघ आली, गेली.
गळ्यापाशी पोचलो तेव्हा त्याचं डोकं
माझ्या डाव्या हातात जड झालं,
तोंड थोडं उघडं,
आणि तो घोरायला लागला.
बाकावरचे चौघेही गप्प.
दहा तास पृथ्वीच्या पोटात
कान टवकारून राहणारा माणूस
गळ्यावर पातं असताना झोपला होता.
मी हलेना. साबण सुकत चालला.
"उठवू नकोस," लाँबेर म्हणाला,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या खुर्चीत घेतलं.

खाणी मिटल्या. ते दोघेही गेले.
दगड माझ्याकडे आहे, मधोमध खोलगट,
आणि एका कडेला पिवळा थर इतका विरलाय
की खालचा निळा वर आलाय,
बोटाच्या पेराएवढी रेघ.
नात म्हणते, नवा घ्या ना, मिळतात अजून.
मिळतात, मी म्हणतो,
आणि रेघ चुकवून
पाण्याचा थेंब सोडतो.