शून्य, तपासून

रात्री दहाला प्रोग्राम लावून आम्ही घरी जातो.
सकाळी पोहे येईपर्यंत
सहा हजार दोनशे कारखाने सरळ झालेले असतात.

कुणी रुपयांच्या रकान्यात हजार लिहिलेले,
कुणी हजारांच्या रकान्यात रुपये.
सांवेर रोडचा एक डबेवाला
अख्ख्या इंदूरची वीज एकटा जाळून बसला होता,
त्याची तीन शून्यं खुडून
प्रोग्रामनं त्याला परत त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं.
मार्चअखेरचा हरवलेला माल
एक एप्रिलला जागेवर सापडला.
मी लिहिलेत हे नियम, चौसष्ट.
सलग वाचले तर
आई दारात उभी आहे असं वाटतं:
विकलंस, तर आणलंस कुठून?
आणलंस, तर बिल कुठंय?
माणूस ठेवलास, तर त्याला दिलंस काय?

शेवटचा तो एकोणचाळिसावा.

क्रमांक चार हजार चारशे सतरा, पोलोग्राउंड.
घरची माणसं दोन. कामगार एक. मजुरी शून्य.
असल्या ठिकाणी प्रोग्राम कुणाला फोन करत नाही.
तो शेजार शोधतो,
तेवढीच उलाढाल, तेच पितळकाम,
आणि त्या शेजाऱ्याच्या ताटातला आकडा
याच्या ताटात वाढतो.
त्या शेजाऱ्याला आम्ही दाता म्हणतो.
दात्याला हे कधीच कळत नाही.

मजुरी अठ्ठ्याण्णव हजार चारशे.
वेळ रात्रीचे दोन तेरा. खूण: भरलेली.

पडद्यावर नावं नसतात. पण या क्रमांकाला
मी जाऊन आले होते, राजोरियांच्या स्कूटरवर मागे बसून,
फॉर्म नेमके कुठं चुकतात ते बघायला.
टोकेकर. शेवेच्या सोऱ्याच्या चकत्या करतात,
बारीक, जाड, लौंग शेवेची वेगळी.
बाप लेथवर, मुलगा ड्रिलवर,
आणि खिडकीशी स्टुलावर मंदाकिनीबाई,
मेलेल्या मोठ्या भावाची बायको.
एकेक चकती उजेडाला धरायची,
भोकं मोजायची,
एखादं बुजलेलं दिसलं की दाभणानं मोकळं करायचं
आणि पितळेची कीस फुंकून टाकायची.

राजोरियांनी विचारलं, ये तो घर की हुईं ना भिया?
टोकेकर म्हणाले, हो, घरचीच.
बाईंनी चकती खाली ठेवली नाही.
म्हणाल्या, मला कामगारांत लिहा.
पगार?
टोकेकरांनी लेथ सुरू केलं.
तो काही देत नाही, बाई म्हणाल्या, ते पण लिहा.

राजोरियांनी दोन्ही लिहिलं.
इतकी वर्षं फॉर्म भरतात, पण स्कूटरवर
रामबागेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता साडेदहा. दाखले बाराला भोपाळला जायचेत.
आकडा काही वाईट नाही:
पोलोग्राउंडची सरासरी याच्यानं हलणार नाही,
तक्त्यात कुणाला खटकणार नाही,
महिन्याला आठ हजार दोनशे, वाजवी, शेजारधर्माला धरून.
वर्षाचा पगार
कुणीतरी शेवटी बाईंच्या नावावर टाकला,
आणि तो माझ्याच नियमानं.
ठेवून द्यावा असंही वाटलं.
चहा निवेपर्यंत वाटत राहिलं.

मग मी रकाना उघडला.
अठ्ठ्याण्णव हजार चारशे मागून एकेक पुसत आले,
दोन शून्यं, चार, आठ, नऊ,
आणि रिकाम्या जागेत एक शून्य घातलं, आरपार दिसेलसं.
प्रोग्राम लगेच लाल झाला: नियम ३९. खात्री आहे?
कारणाच्या चौकोनात वीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं, शून्य, तपासून.

कुलकर्ण्यांच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, पाठवलं का?
म्हटलं, हो.
रात्री दोन तेरापासून सकाळी दहा एक्केचाळीसपर्यंत
मंदाकिनीबाईंना पगार होता.