सतराचे बावीस

पस्तीस वर्षं विमा कंपनीत मी मृत्यूचे तक्ते केले.
कोण कधी जाणार हे सांगता येत नाही,
पण लाखातले किती, हे दशांशापर्यंत सांगता येतं.
एवढ्या भांडवलावर क्लबाने मला
हँडिकॅप समितीचं सचिव केलं.

रविवारी दुपारी, येरवड्याला, कँटीनच्या मागच्या खोलीत
मी कार्डं लावत बसतो.
वरून लोहगावची विमानं आभाळ फाडत जातात.
शेवटची वीस कार्डं. त्यातली चांगली आठ निवडायची,
बाकीची बारा सोडून द्यायची.
सूत्र मोठं दिलदार आहे:
तुम्ही कसे आहात, विचारत नाही.
बऱ्या दिवशी कसे असता, एवढंच विचारतं.
माझ्या बायकोने हे सूत्र कधी वापरलं नाही.

पण कार्ड पेन्सिलीने भरतात,
आणि पेन्सिल माणसाच्या हातात.

चोरडिया बुधवारी शेवटच्या तीन होलांवर
हटकून पाण्यात मारतो.
वर्षभर चोवीसच्या खाली येत नाही.
मग दिवाळी कपच्या सकाळी त्याच्या अंगात काय संचारतं!
गेल्या वर्षी मिक्सर नेला, त्याआधी ट्रॉली बॅग,
आणि भाषणात म्हणाला, "आज नशीब होतं."

खासनीस उलटा. तो नऊ.
नऊ त्याच्या मोटारीच्या नंबरात आहे,
नऊ त्याने व्याह्यांना सांगून ठेवलंय.
दर शनिवारी हरतो, सगळ्यांच्या बिअरचे पैसे भरतो,
दोन फुटांवरचा बॉल "हा काय, गेलाच" म्हणत स्वतःच उचलतो,
पण पंधरा म्हणवून घेत नाही.

एक वरच्या अंगाला खोटा, एक खालच्या.
सरासरी काढली तर आमचा क्लब सत्यवादी आहे.

लहानपणी, नारायण पेठेत, लगोरीला
मी कच्चं लिंबू होतो.
आउट झालो तरी आउट नाही.
ते मागायची सोय नव्हती, मोठी पोरं द्यायची,
आणि कार्ड नाही, समिती नाही, अपील नाही,
तरी त्यात कधी घोळ झाला नाही.
एका मे महिन्यात मंदा म्हणाली, "आजपासून तू पक्का."
मी घरी जाऊन रडलो.
चोरडियाचे चार कमी केल्याचं पत्र लिहिताना
मला ती दुपार आठवली,
आणि पत्र जरा मऊ झालं.

बनपट्टे सगळं जाणतो. पंचवीस वर्षं कॅडी.
कुणाचा बूट गवतात बॉलला कसा चुकून लागतो,
कुणाला सहाच्या पुढे मोजता येत नाही,
सगळ्यांचे खरे आकडे त्याच्या डोक्यात.
विचारलं तर टॉवेल पिळत बसतो.
सोमवारी कोर्स बंद असतो तेव्हा
मेंबरांनी टाकून दिलेल्या क्लबांनी तो खेळतो.
एकदा लांबून मी मोजले: पंच्याहत्तर.
त्याचं कार्ड माझ्या टेबलावर येत नाही.

पावसाळा सरला आणि माझंच हँडिकॅप चढायला लागलं.
सतरा, अठरा, वीस. आता बावीस.
दिवाळी कपला आठवडा होता.
"सचिवच चढवतोय म्हटल्यावर..." चोरडिया म्हणाला,
आणि वाक्य तसंच हवेत सोडलं, चौथ्या टीवर.
मी तक्ता दाखवणार होतो, वीसच्या वीस कार्डं,
साक्षीदाराच्या सह्यांसकट.
सह्या कुणाच्या? यांच्याच.

तेवढ्यात बनपट्टेने, कुणी न विचारता,
बॅग खाली ठेवली.
"नाय, साहेबांचं खरंय.
दोन वर्षांमागं हितनं बॉल पिंपळाच्या पुढं पडायचा.
आता पिंपळापत्तुर जात नाय."

सगळे गप्प. खासनीस उगाच खोकला.
माझ्या बाजूने इतका पक्का निकाल
आजवर कुणी दिला नव्हता.
मी वाकून टी खोवली. उठायला वेळ लागला.
पिंपळ होता तिथेच होता,
पानं तेवढी हलत होती.