बांडगूळ नव्हे

जांबोटीच्या पुढं, आमगावच्या वाटेला
ऐनाच्या मगरपाठीवर
ती बसलेली, मुळं वाऱ्यात सोडून.

ओमाण्णा म्हणाला, बांडगूळ हाय, कोयता दे.
म्हटलं, थांब.
बांडगूळ आत शिरतं, रस पितं.
हिला नुसती टेकायला जागा लागते.
बाकी धुकं, पाखराची शीट,
सालीत अडकलेला कुजका पाला.

मे सरता सरता वेणी सुटते खाली,
जांभळ्या ठिपक्यांची.
फॉरेस्टगार्ड म्हणतो सीताळे दंडे,
आम्ही सीतेची वेणी.
माळणारी बाई एकच.

परवाच्या साली फांदी मोडली.
ओमाण्णानंच उचलली, काही न बोलता
सुंभानं बांधली फणसाला.

अजून फुललेली नाही.
काल एका मुळाचं टोक हिरवं दिसलं,
नखाएवढं.
सुंभ कुजत आलाय.