साकवाचा हिशेब

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या पत्र्यामागे,
आमचा काचेचा पाट आहे, अकरा फूट लांब.
पंप मोडीतला.
त्यात मी लॉरीच्या ट्यूबची पट्टी बांधते
आणि पाणी सोडते.
पट्टी आधी सरळ राहते, पाहुण्यांसमोरच्या मुलीसारखी.
मग कुठल्याशा वेगाला
तिच्या अंगात येतं.

कुठल्या वेगाला, एवढंच मला सांगायचंय.
खानापूरच्या पुढं मलप्रभेवर दोन दोरांचा साकव आहे.
अठ्ठेचाळीस फळ्या. शाळेची तेवीस पोरं.
श्रावणात घाटावरचा वारा त्याला आडवा धरतो
आणि खालून गढूळ पाणी
फळ्यांना जीभ लावतं.

हट्टीकर सरांची पद्धत साधी :
वाऱ्याला विचार, किती ढकललंस.
ते साकवाला सांग. त्याला विचार, किती सरकलास.
ते घेऊन परत वाऱ्याकडे.
खेपा घाल, दोघांचं जुळेपर्यंत.
वाऱ्याशी जुळतं. वारा हलका,
त्याला कुणाचंही चालतं.

पाण्याशी नाही जुळत.
फळी आणि पाणी जवळजवळ एकाच वजनाची,
कोण कुणाला मोठं मानणार?
चौथ्या खेपेला फळी वीतभर उचलली,
पाचव्या खेपेला पुरुषभर,
सहाव्या खेपेला माझा साकव
पडद्यावरून उडून गोव्यात पडला.
सर म्हणाले, समोरचा सांगेल त्यातलं
दहावा हिस्साच ऐकायचं.
ऐकलं. जुळलं.
पण पहाट झाली तेव्हा साकव
पाव सेकंदच पुढं गेला होता.

मध्येच एक मोटरही लावून बघितली,
बाजूचा ताण-दोर ओढणारी :
साकव डावीकडं गेला की उजवीकडं खेच.
तिला कळायला अर्धा सेकंद उशीर.
तोवर साकव आपणहून परत निघालेला,
आणि ती त्याच दिशेनं खेचायची.
उशिरा आवरणं म्हणजे ढकलणंच.
(हे मी वहीत लिहिलं, आणि लग्न मोडलेल्या भावाला
फोन करायचा राहून गेला.)

मोनाप्पा तिथल्या दोरांचे नट आवळतो.
मला दोरावर सेन्सर चिकटवताना बघून म्हणाला,
"काय करालैस गं?"
म्हटलं, थरथर मोजते.
"मग दुपारी चारला ये. शाळा सुटल्यावर."

त्या रात्री आई फोनवर होती, बैलहोंगलच्या मावशीशी.
"अक्का, नी हेळिद्दु खरं, माझं ऐक की जरा..."
वाक्य कन्नडात निघालं, मराठीत पोचलं.
मधला तो 'खरं' कुणाचा, तिला विचारलं
तर म्हणाली, कसला खरं? साकु की आता, ऊटा कर.
ती एकीचं संपल्यावर दुसरी सुरू करत नाही.
दोन्ही एका श्वासात सोडवते.

मी ताट सारलं.
फळीचे अज्ञात आणि पाण्याचे अज्ञात
एकाच चौकटीत मांडले, शेजारी शेजारी.
खेपा नाहीत, निरोप नाहीत.
यंत्र तापलं, दोनदा बंद पडलं, पंख्याखाली ठेवलं.
बुधवारी आकडा आला.
फार सुंदर नव्हता. पाटातल्या पट्टीशी
बोटभर फरकानं जुळत होता.

चार वाजता पोरं सुटली.
बरोबर मध्यावर जाऊन सगळी एकदम उडी मारत होती,
थांबून, परत, साकव वर येतानाच,
तीच लय जी मला तीन आठवड्यांनी सापडली.
मोनाप्पानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग त्यानं लाल रंगाचा डबा उघडला
आणि खांबावर माझ्या आकड्याची आडवी रेघ ओढली :
इथवर पाणी आलं की साकव बंद,
म्हणजे शाळाही बंद.

दप्तर डोक्यावर धरलेला एक पोरगा
रेघेकडं बघत राहिला,
मग नदीकडं, मग माझ्याकडं.
"अक्का," म्हणाला,
"जरा खाली काढ की."