तेरावा भाग

तात्या चोथेंच्या माळवदावर मी उभा असायचो
अँटेनाचा पाइप दोन्ही हातांत धरून,
तोंड डोंगराच्या डाव्या खांद्याकडं.
विट्यातले सगळे माग काही थांबत नसत,
पण आमच्या गल्लीतले गुरुवारी साडेसातला थांबत,
आणि तो खटका बंद झाला
की कान एकदम मोठे झाल्यासारखे वाटायचे.

"आलं का?"
"मुंग्या!"
"आता?"
"आलं, आलं! हलू नगंस, दिगू!"

बारा आठवडे हललो नाही.
मालिका एका घरमालकाची.
भाडेकरूची छत्री त्याच्या हातून हरवते, एवढंच.
मी ती पाहिली नाही, ऐकलीही नाही धड;
सवण्यातून वर यायची ती बघणाऱ्यांची मालिका.
आधी यमुआक्काचं हसू, शिट्टी धरलेल्या कुकरसारखं,
मग कांड्या भरणाऱ्या पोरींचं,
शेवटी तात्यांचं, खोकल्यात संपणारं.
छत्री आज कुठवर पोचली
ते मला वरून कळायचं.

तेराव्या भागाला वारं होतं.
वीस मिनिटं झाली असतील,
आणि खाली सगळं गप्प.
हसू नाही, खोकला नाही,
रफीक जॉबरचं तान्हं पोरसुद्धा रडेना.
"गेलं का?" म्हटलं.
कुणी बोलेना.
"गेलं का ओ?"
मी पाइप फिरवला.

तशी ओरड परत कधी ऐकली नाही.
चित्र गेलं नव्हतं.
मी घालवलं.
पुन्हा सापडलं तेव्हा बातम्या लागल्या होत्या,
बाई सोलापूरचं तापमान सांगत होती.
तात्या एवढंच म्हणाले, "जेवून जा."

मग गल्लीनं शेवट आपले आपण केले.
यमुआक्काचा भाडेकरू नवी छत्री घेऊन यायचा, मालकासाठी.
रफीक म्हणायचा, लपवली मालकानंच, पैज लावा.
पोरींच्यात लग्न होतं, कुणाचं ते ठरत नव्हतं.
तात्यांचा शेवट दर दिवाळीला बदलायचा.
नळावर भांडणं, बीम भरताना भांडणं,
एकदा तर मयतीवरून परतताना.
अंजू कडेगावला नांदायला गेली.
तिच्या सासरी तो भाग नीट दिसलेला.
"सांगू नका," म्हणाली,
"आमच्याकडं हाय एक."

परवा रात्री अडीचला तो फोनमध्ये सापडला.
कुणीतरी कॅसेटवरून चढवलेला,
खालच्या कडेला एक पट्टी थरथरणारी.
आता काय, बोटानं मागं, बोटानं पुढं,
लघवीला जायचं तर मालक तोंड उघडं टाकून थांबतो.
सहाव्या मिनिटाला थांबलो.
इथं यमुआक्का हसली होती.
कुणी हसलं नाही.
नवव्याला पोरी. बाराव्याला तात्या.
त्या जागा तशाच रिकाम्या,
मालक आपला बोलत पुढं जातो.

विसाव्या मिनिटाला तो दारात बसतो,
रिकाम्या खुंटीकडं बघत. बराच वेळ.
अच्छा, म्हणून गप्प होते सगळे.
माझ्या मुठी आवळल्या गेल्या.
या वेळी फिरवलं नाही.

शेवट बघितला.
बरा आहे.
आमच्यातला एकही नाही.
पाटी संपायच्या आत खाली आकडे,
पाच, चार, तीन,
आणि भलतीच कुणी बाई भलत्याच गाडीतून उतरली.

यमुआक्का हल्ली इचलकरंजीला असते, लेकाकडं,
एका कानानं ऐकते.
सकाळी फोन लावला.
साखर झाली, गुडघे झाले,
सूनबाईंची तक्रार दबक्या आवाजात झाली.
मग आपणच म्हणाली,
"दिगू, ती छत्री शेवटी गावली का रं?"

"कुणी बघितलंय, आक्का.
वारं होतं त्या दिवशी."

"व्हय," ती म्हणाली,
"लई वारं हुतं."